वाचक विचारतात : परदेशी कपडे अडवले की शिलाई कामगार वाचतो का?

गेल्या अंकात परदेशी तयार कपड्यांच्या आयातीवर मर्यादा घालाव्यात का यावर लिहिलं होतं आणि त्यात मी म्हटलं होतं की मर्यादेने फार तर थोडा वेळ मिळतो, तो वेळ कोणाच्या कामी येतो ते बघायला हवं. त्यावर भरपूर प्रश्न आले, काही रागाने विचारलेले, काही खरंच जाणून घ्यायचंय म्हणून. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ड्युटी लावली काय आणि कोटा ठरवला काय, परदेशी कपडा महागच होणार ना? मग यात इतका फरक का करताय?

गिऱ्हाईकाला दोन्हीने महागच पडतो, बरोबर आहे. फरक आहे तो वरचे पैसे कुठे जातात यात. ड्युटी असली की माल उतरताना सरकार किमतीवर टक्के घेतं, पैसे तिजोरीत जातात. कोट्यात सरकार नुसता आकडा ठरवतं, या वर्षी अमुक देशातून इतक्या लाख पँटी, त्याच्यावर एकही नाही. आता माल कमी आणि मागणी तेवढीच म्हटल्यावर भाव चढतो, आणि तो चढलेला भाव ज्याच्या हातात परवाना आहे त्याच्या खिशात जातो. १९७४ पासून मल्टी फायबर अरेंजमेंट नावाची व्यवस्था होती, श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या कपड्यांवर देशवार आणि प्रकारवार आकडे ठरवून दिले होते, आणि परवाने वाटायचं काम बहुतेक वेळा माल पाठवणाऱ्या देशाकडेच असायचं. म्हणजे बघा, संरक्षण आपल्या कारखान्याला द्यायचं होतं आणि चढलेल्या भावातला मोठा हिस्सा गेला परदेशी परवानाधारकाकडे. हाँगकाँगमध्ये तर या कोट्याची सरळ खरेदीविक्री चालायची, ज्याच्याकडे जुना कोटा आहे त्याला तो दुसऱ्याला देऊन पैसे करता यायचे.

अजून एक गोष्ट, जी दुकानात उभं राहून कळत नाही. मर्यादा नगांवर असते, किमतीवर नसते. एक नग पाठवायचीच परवानगी आहे म्हटल्यावर एक्सपोर्टर स्वस्तातला कशाला पाठवेल, तो जास्त मार्जिनचा, महागातला पाठवतो. त्यामुळे कोटा लागला की बाजारातून आधी गायब होतात ते साधे स्वस्त कपडे, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांचेच. ड्युटीतही गरिबालाच जास्त भार पडतो म्हणा, अमेरिकेत कित्येक वर्षं सुती टीशर्टवर १६.५ टक्के आणि पॉलिस्टरच्या टीशर्टवर ३२ टक्के मूळ ड्युटी आहे, आणि पॉलिस्टर कोण जास्त घालतं ते सांगायला नको.

प्रश्न : मी ओव्हरलॉक मशिनवर काम करते. ऑर्डरी कमी झाल्यात, दोन लाइन बंद पडल्या, मालक सांगतात बाहेरचा स्वस्त माल येतोय म्हणून. आणि तुम्ही लिहिता की मर्यादा घालून उपयोग नाही. तुमचं ठीक आहे, आमच्या पगाराचं काय?

ताई, उपयोग नाही असं मी लिहिलं नव्हतं, पण तुमचा राग समजतो आणि तुमच्या प्रश्नालाच मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे. मर्यादा घातली की मालकाची ऑर्डर वाचू शकते. तुमची मशीन वाचेलच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मर्यादेची मागणी करणारे नेहमी त्या एकच असल्यासारखं बोलतात, माझं भांडण तिथे आहे.

अमेरिकेचं बघा. तिथे कपड्यांवर कोटे होते, कडक होते, देशोदेशीच्या मालावर होते. तरी १९९० मध्ये कपडे शिवणाऱ्या उद्योगात साधारण ९ लाख लोक होते ते २००५ उजाडेपर्यंत ३ लाखांच्या आत आले. सगळे कोटे उठले २००४ च्या शेवटी, म्हणजे ही घसरण कोटे चालू असतानाच झाली. कशी झाली? एक तर मशिनं सुधारली, कमी हातांत जास्त नग निघायला लागले. दुसरं, १९९४ मध्ये मेक्सिकोबरोबर मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि शिलाई सीमेपलीकडे गेली. आणि तिसरं फार महत्त्वाचं, ते कोणी मोठ्याने सांगत नाही. तिथल्या देशी कंपन्या स्वतःच कापड आपल्याकडे कापून, बेतलेले तुकडे कॅरिबियन बेटांवर शिवायला पाठवायच्या आणि शिवलेला माल परत आणायच्या, आणि नियमच असा होता की परत आणताना ड्युटी फक्त बाहेर जेवढं काम झालं त्याच्यावर. युरोपातल्या कंपन्या हेच पूर्व युरोपात करत होत्या. कंपनी देशी, लेबल देशी, संरक्षणही देशी कंपनी म्हणून घेतलेलं, आणि ओव्हरलॉकवर बसलेली बाई मात्र दुसऱ्या देशातली. यात त्या दुसऱ्या बाईचा दोष नाही, तीही पोटासाठीच बसली होती.

म्हणून मर्यादेची मागणी जर तुमच्या नावाने होत असेल तर मालकांना, युनियनला आणि जमलं तर सरकारला विचारा की बदल्यात काय लिहून देताय. संरक्षण मिळेल त्या काळात पटावर किती माणसं राहतील, पगाराची पातळी काय असेल, नवीन मशीन आली तर तिच्यावर ट्रेनिंग जुन्याच लोकांना देणार का, काम बाहेर जॉबवर्कला देणार का. आणि संरक्षण संपणार कधी त्याची तारीख. हे स्वप्नरंजन नाही, व्यापाराला कामगारांच्या अटी जोडल्याचं उदाहरण आहे. १९९९ मध्ये अमेरिका आणि कंबोडिया यांच्यात कपड्यांचा करार झाला, त्यात ठरलं की कंबोडियाच्या कारखान्यांत कामगारांची स्थिती सुधारली तर दरवर्षी १४ टक्क्यांपर्यंत जादा कोटा मिळेल. तपासायचं काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लोकांकडे दिलं, ते कारखान्यात जाऊन ओव्हरटाइम, पगार, पंखे, संडास, युनियन करू देतात का हे सगळं बघायचे. परफेक्ट नव्हतं, तक्रारी खूप होत्या, पण कोट्याच्या कागदावर कामगार आला तो असा. तिथे माल पाठवणाऱ्या देशात आला. जो देश माल अडवतो त्याने आपल्याच कारखान्यांना अशी अट का घालू नये?

तुमची नोकरी मर्यादेने टिकेल असं मी खोटं सांगणार नाही. पण जी काही चार-पाच वर्षं त्यातून मिळतील ती तुमच्यावर खर्च व्हायला हवीत, हे मी शंभर वेळा सांगेन.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय, हे परदेशी कपडे अडवणं कधीपासून सुरू झालं?

फार जुनं आहे, आणि गंमत म्हणजे आज खुल्या व्यापाराचे धडे देणारे देशच यात पुढे होते. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडमध्ये भारतातली छींट, म्हणजे छापील सुती कापड, इतकी खपायला लागली की लंडनच्या स्पिटलफील्ड्समधले रेशीम विणकर रस्त्यावर उतरले, १६९७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर चालून गेले. मग १७०० मध्ये कायदा आला, भारत, इराण, चीनमधून आलेलं छापील कापड देशात वापरायला विकायचं नाही. पण कोरं पांढरं कापड आणता येत होतं, ते तिथेच छापून विकायला लागले लोक, विणकरांचं दुखणं तसंच. १७१९ मध्ये पुन्हा दंगे, छींटेचे कपडे घातलेल्या बायकांना रस्त्यात गाठून अंगावरचे कपडे फाडले, शाई आणि ॲसिड टाकलं. १७२१ चा कायदा त्यातून आला, त्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यालाच बंदी केली, ती उठली थेट १७७४ मध्ये.

प्रोजेक्टमध्ये हे नक्की लिहा की कायदा झाला रेशीम आणि लोकरवाल्या विणकरांसाठी आणि फायदा झाला भलत्याच उद्योगाचा. लिननचा ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) असलेल्या मिश्र कापडाला १७३६ मध्ये सूट मिळाली आणि त्या आडोशाने लँकेशायरचा सूत धंदा वाढला, पुढे तोच जगभर पसरला. तेव्हा संरक्षणाने उद्योग उभाच राहत नाही असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. राहतो, पण तो अडवणाऱ्यांनी ठरवलेलाच राहील याची खात्री नसते. आणि भारतातल्या ज्या विणकरांचा आणि छपाईवाल्यांचा बाजार असा कायद्याने बंद झाला त्यांची बाजू त्या कायद्यात कुठेच नाही, तीही लिहा.

विसाव्या शतकात पहिला नंबर जपानचा लागला. १९५७ पासून जपानने अमेरिकेला जाणाऱ्या सुती मालावर स्वतःच मर्यादा घातली, स्वतःच म्हणजे दबावाखाली. मग १९६१ चा अल्प मुदतीचा करार, १९६२ चा दीर्घ मुदतीचा, दोन्ही फक्त सुतीसाठी. कापूस अडला म्हटल्यावर कारखाने पॉलिस्टर आणि ॲक्रिलिककडे वळले म्हणून १९७४ मध्ये लोकर आणि कृत्रिम धागेही त्यात घातले, तीच वर सांगितलेली मल्टी फायबर अरेंजमेंट. तात्पुरता म्हणून सुरू झालेला प्रकार चाळीसहून जास्त वर्षं चालला.

प्रश्न : सगळ्या देशांचा माल नको अडवायला, ज्या एका देशातून धो धो माल येतो त्याच्यावरच मर्यादा घातली तर?

सगळ्यात सोपं वाटतं तेच आणि सगळ्यात लवकर फुटतं तेही तेच. दक्षिण आफ्रिकेने हे करून बघितलं, २००७ आणि २००८ अशी दोन वर्षं चीनच्या कपड्यांच्या ३१ प्रकारांवर कोटा लावला. चीनचा माल कमी झाला, पण ती जागा मोठ्या प्रमाणात बाकीच्या देशांनी भरून काढली, ऑर्डर देशी कारखान्याकडे यायच्या ऐवजी दुसऱ्या परदेशी कारखान्याकडे गेली. दुकानदार आपला बायर पाठवतो, तो दोन सीझनमध्ये नवीन सप्लायर शोधतो, यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मोठं उदाहरण तर बांगलादेशचं आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोरियाचे कोटे भरत आले होते, तिथल्या देवू कंपनीला असा देश हवा होता जिथे कोटा लागलेला नाही. त्यांनी बांगलादेशच्या ‘देश गारमेंट्स’ नावाच्या कंपनीशी करार केला आणि साधारण १३० लोकांना कोरियात नेऊन कटिंग, शिलाई, फिनिशिंग, एक्सपोर्टची कागदपत्रं असं सगळं शिकवलं. त्यातले बहुतेक जण पुढे बाहेर पडून स्वतःचे कारखाने काढते झाले. आज त्या देशाच्या एक्सपोर्टमध्ये दर शंभरातले ८० हून जास्त कपड्यांचे आहेत. एका देशाला अडवायला घातलेल्या मर्यादेने दुसऱ्या देशात अख्खा उद्योग उभा केला, अडवणाऱ्यांच्या मनात तसं काहीच नव्हतं.

आणि जिथे उद्योग हलत नाही तिथे नुसतं लेबल हलतं. माल एका देशात शिवायचा, दुसऱ्या देशात नेऊन तिथलं लेबल लावायचं आणि तिथल्या कोट्यात पाठवायचा. मग कस्टमवाल्यांना कारखान्यात जाऊन बघावं लागतं की एवढे शर्ट निघायला इथे तेवढ्या मशिनी तरी आहेत का.

प्रश्न : आमचं तयार कपड्यांचं छोटं युनिट आहे. आता गिरणीवाले म्हणतात कपड्यांबरोबर बाहेरच्या कापडावर आणि सुतावर पण मर्यादा आणा. सगळ्यांनी एकत्र मागणी करायला हवी म्हणतात. सही करू का?

आधी तुमचा खर्चाचा कागद समोर घ्या आणि मग ठरवा. शर्टाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच असतो. परदेशी शर्टावर मर्यादा आली आणि त्याच वेळी परदेशी कापडही अडलं तर एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं, आणि तुम्ही जर थोडाफार माल एक्सपोर्ट करत असाल तर तिकडे तुम्हाला कोणी वाचवायला नाही, तिथे तुमची टक्कर ज्याला स्वस्त कापड मिळतंय त्याच्याशी. शिवाय काही कापडं देशात बनतच नाहीत, किंवा तुमच्या छोट्या ऑर्डरीला गिरणी दारात उभं करत नाही, पाच-दहा हजार मीटरच्या खाली बोलायचं नाही म्हणते. त्याचं काय करणार हे सहीच्या आधी विचारा.

मुक्त व्यापाराच्या करारात सुद्धा गिरण्यांनी आपलं बघून घेतलेलं असतं. अमेरिका-मेक्सिको करारात अट होती की कपड्याला ड्युटी माफी हवी तर सुतापासून पुढे सगळं करारातल्याच देशांत झालं पाहिजे. शिलाई कुठेही स्वस्त करा पण सूत आमचं घ्या. माणसं सगळ्यात जास्त शिलाईत लागतात आणि सगळ्यात कमी आवाज शिलाईवाल्यांचा, हे चित्र मला फार टोचतं. मला विचाराल तर कापडाच्या बाबतीत सरसकट सही करू नका, एक्सपोर्टसाठी लागणारं कापड आणि देशात न मिळणारी कापडं यांना सूट असेल तरच करा.

प्रश्न : दुकानदाराचं काय? ऑर्डर दिली, ॲडव्हान्स गेला, आणि माल जहाजावर असताना मर्यादा आली तर?

हे २००५ मध्ये युरोपात जसंच्या तसं घडलंय. वर्षाच्या सुरुवातीला जुने कोटे उठले, चीनचा माल एकदम वाढला, इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालचे उत्पादक ओरडायला लागले आणि जूनमध्ये चीनबरोबर दहा प्रकारांवर पुन्हा मर्यादा ठरल्या. तोपर्यंत दुकानांच्या ऑर्डरी गेलेल्या. आकडे काही आठवड्यांत भरले आणि ऑगस्टपर्यंत जवळपास ८ कोटी नग बंदरांत अडकले, स्वेटर, पँटी, ब्रा. सीझन थंडीचा आणि स्वेटर कंटेनरमध्ये. शेवटी सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला, निम्मा माल युरोपने तसाच सोडला आणि निम्मा चीनच्या पुढच्या वर्षीच्या वगैरे कोट्यातून वजा केला. स्वीडन, डेन्मार्क, हॉलंडसारखे देश चिडले कारण त्यांच्याकडे दुकानं जास्त आणि कारखाने कमी. तर उपाय एवढाच की नियम लागू व्हायच्या आधी ज्यांचं शिपमेंट निघालंय त्यांना सूट, ही ओळ नियमात पहिल्या दिवसापासून हवी. तुमच्या व्यापारी संघटनेने बाकी काही नाही मागितलं तरी हे मागावं.

प्रश्न : वापरलेल्या जुन्या परदेशी कपड्यांचे गठ्ठे येतात, ते तर बंद करायलाच हवेत ना?

इथे मी थोडी जास्त सहानुभूतीने बघते, कारण जो कपडा कोणीतरी दान म्हणून टाकलाय त्याच्या किमतीशी कुठलाच कारखाना टक्कर देऊ शकत नाही, कितीही कार्यक्षम असू दे. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ठरवलं की असे कपडे हळूहळू बंद करायचे. रवांडाने ड्युटी किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केली. अमेरिकेत जुने कपडे गोळा करून विकणाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि दबाव आला, केनिया, टांझानिया, युगांडा मागे सरले, रवांडा नाही सरला. २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांना मिळणारी ड्युटीमाफी काढून घेतली. म्हणजे छोट्या देशाने फेकलेले कपडे नको म्हणायची सुद्धा किंमत मोजायची. हा सरळ अन्याय आहे. तरीही गठ्ठे बंद करताना एक विसरू नका, ते गठ्ठे फोडणारे, निवडणारे, अल्टर करून विकणारे हजारो लोक असतात, त्यांना शिलाईत घेतलं नाही तर एका गरिबाचं काढून दुसऱ्याला दिल्यासारखं होतं.

प्रश्न : ऑनलाइन पार्सलमधून जे कपडे येतात त्यांचं काय, ते कुठल्या मर्यादेत बसतात?

बरीच वर्षं कुठल्याच नाही. छोट्या किमतीच्या पार्सलला ड्युटी माफ असायची, अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंत, युरोपात १५० युरोपर्यंत. कंटेनरवाला ड्युटी भरतो आणि तोच ड्रेस एकेक पाकिटात आला तर फुकट, हे देशी उत्पादकांनाच काय प्रामाणिक आयातदारांनाही मारक होतं. अमेरिकेने २०२५ मध्ये ही सूट आधी चीनच्या आणि मग ऑगस्टअखेर सगळ्यांच्या पार्सलसाठी बंद केली. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं, नवीन कोटे लावण्याआधी अशी भोकं बुजवावीत.

प्रश्न : सरकार मर्यादा किती वर्षं ठेवू शकतं? आणि त्या निर्णयात आमच्यासारख्यांना कोणी विचारतं का?

डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, नियमात साधारणपणे आकड्याची मर्यादा घालायलाच मनाई आहे. पण आयात अचानक वाढून देशी उद्योगाला गंभीर इजा होत असेल तर तात्पुरता बचाव म्हणून घालता येते. मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त चार वर्षं, वाढवून एकूण आठ, विकसनशील देशांना अजून दोन. एक वर्षाच्या वर ठेवायची असेल तर ती हळूहळू सैल करत न्यावी लागते, आणि मुदत वाढवायची तर उद्योग खरंच सुधारतोय याचा पुरावा द्यावा लागतो.

विचारतात का, तर हो, विचारावंच लागतं. मर्यादेआधी चौकशी जाहीर करावी लागते आणि आयातदार, एक्सपोर्टर आणि ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, अगदी ही मर्यादा लोकहिताची आहे का यावर सुद्धा. अडचण अशी की तिथे वकील घेऊन उत्पादकांची संघटना पोचते, मोठे आयातदार पोचतात, कामगार पोचत नाहीत कारण नोटीस निघाली हेच कळत नाही आणि मुदत थोड्या दिवसांची असते. वर ज्या ताईंनी विचारलंय त्यांच्या युनियनने चौकशी सुरू होण्याआधीच कागद जमवायला घ्यावेत. गेल्या तीन-चार वर्षांत किती लाइन चालू होत्या, पटावर किती माणसं, ओव्हरटाइम किती, कुठलं काम बाहेर जॉबवर्कला गेलं आणि कोणत्या महिन्यात गेलं. इजा आयातीने झाली की काम बाहेर दिल्याने झाली हे चौकशीत तपासावंच लागतं, आणि ते सगळ्यात नीट सांगू शकतो तो फ्लोअरवरचा माणूस.